रूट होऊन चालवून टाका

चंचल रहांगडालेला राग यायला वेळ लागायचा. भावंडांच्या भांडणात ती आधी ऐकून घ्यायची, मग बोलायची. म्हणून गेल्या फाल्गुनात नवेगाव बांधच्या केंद्रात तिचा आवाज चढला, तेव्हा ऐकणाऱ्यांना वाटलं की आत दुसरंच कोणी आहे.

ती तिरोड्याजवळच्या एका गावची, पोवारांची पोरगी. इंजिनिअर होऊन पुण्यात नोकरीला लागली, आणि तीन वर्षांत कंटाळून परत आली. गोंदियाची एक छोटी संस्था नवेगाव बांधच्या केंद्रातून जंगलपट्ट्यातल्या शाळांना जुने संगणक दुरुस्त करून द्यायची. या सगळ्या संगणकांवर लिनक्स ही मोफत संगणकप्रणाली होती आणि ती सांभाळायचं काम चंचलचं. शाळेत नवा प्रोग्राम जायचा असला की ती त्याचं पॅकेज, म्हणजे सगळ्या फाइलींचा एक गठ्ठा, बांधायची. एकदा पॅकेज चढवलं की वीसेक शाळांचे संगणक आपोआप अद्ययावत व्हायचे, कुणाला गावोगाव हिंडावं लागायचं नाही.

त्यातला सगळ्यांचा लाडका प्रोग्राम म्हणजे बोलपेटी. चित्रावर टिचकी मारली की त्या वस्तूचं नाव आधी गोंडीत, मग मराठीत ऐकू येई. नागपूरच्या एका कंपनीनं तो संस्थेला बनवून दिला होता. आवाज मात्र इथल्याच माणसांचे होते. त्यातले बरेचसे लीलाबाई मडावी आणि तिचा नवरा पतिराम यांचे. पतिराम जन्मभर जंगलखात्याच्या कामावर जात होता, झाडं सालीवरून ओळखायचा. शब्द सांगता सांगता तो गोष्टीत शिरायचा, लीलाबाई मधूनच "तसं नोहय" म्हणून त्याला अडवायची, आणि दोघं माइकसमोरच भांडायची. शाळांना तेवढे शब्द कापून पाठवले जायचे. लांबच लांब मूळ ध्वनिफिती केंद्रातल्या संगणकावर, बोलपेटीच्याच फोल्डरात राहायच्या. जुन्या आवृत्तीनं त्या तिथंच साठवल्या होत्या. त्यांची दुसरी प्रत ठेवायला बाहेरची डिस्क द्या, असं चंचल वर्षभर सांगत होती. "पुढच्या मिटिंगमध्ये बघू," एवढंच उत्तर मिळायचं.

पतिराम दिवाळीनंतर वारला. तेव्हापासून बाजाराच्या दिवशी लीलाबाई केंद्रात यायची, पिशवी भिंतीशी ठेवायची आणि म्हणायची, "लाव वं बाई." चंचल दोघांच्या ध्वनिफिती लावायची. म्हातारी ऐकत बसायची, एखाद्या ठिकाणी अजूनही "तसं नोहय" म्हणायची.

फाल्गुनात कंपनीनं बोलपेटीची नवी आवृत्ती पाठवली. चंचल पॅकेज बांधायला बसली. या कामाची रीत साधी आहे. बांधताना प्रोग्रामच्या फाइली संगणकाच्या खऱ्या जागी ठेवायच्याच नसतात. बाजूला एक रिकामं बांधणीचं फोल्डर करायचं, त्यात हुबेहूब तशीच रचना उभी करायची, सगळं त्यात ठेवायचं आणि तेवढंच पॅकेजमध्ये भरायचं. ज्या संगणकावर बांधतो त्याच्या केसालाही धक्का लागता कामा नये. चांगल्या प्रोग्रामला बांधणीच्या फोल्डरचा पत्ता दिला की तो मुकाट्यानं तिकडे फाइली ठेवतो.

हा प्रोग्राम पत्त्याकडे बघतच नव्हता. तो थेट संगणकाच्या मुख्य फोल्डरांत घुसायला बघत होता. चंचल साध्या वापरकर्त्याच्या हक्कानं काम करत होती म्हणून संगणकानं त्याला दारातच अडवलं. तिनं इन्स्टॉलची स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला द्यायच्या हुकमांची यादी, उघडली आणि तिचे डोळे मोठे झाले. पहिल्याच ओळीत बोलपेटीचं जुनं फोल्डर सगळंच्या सगळं पुसून टाकायचा हुकूम होता.

तिनं कंपनीला फोन केला. पलीकडचा माणूस हसला. "मॅडम, रूट होऊन चालवून टाका ना. हमारे यहाँ तो चल रहा है."

"रूट म्हणजे संगणकाचा मालक. मालकाच्या हक्कानं ही स्क्रिप्ट चालवली तर माझ्या फाइली पुसल्या जातील. आणि पॅकेजमध्ये काहीच येणार नाही."

"कुछ नहीं होता, मॅडम."

चंचलनं स्वतः स्क्रिप्ट दुरुस्त करायला घेतली. पुसण्याची ओळ काढली, प्रत्येक मार्गाच्या आधी बांधणीच्या फोल्डरचा पत्ता जोडला. काम अर्ध्यावर असताना तिला चुलतबहिणीच्या लग्नाला तिरोड्याला जावं लागलं. जाताना तिनं केंद्राचा व्यवस्थापक भुपेंद्र याला सांगितलं, "बोलपेटीला हात लावू नका. मी आल्यावर बघते."

भुपेंद्रला संस्थेच्या अध्यक्षांचा, दुर्गाप्रसादजींचा, फोन आला. देणगीदार येणार होते, नवी आवृत्ती दिसायला हवी होती. भुपेंद्रनं कंपनीला विचारलं. कंपनीनं त्यालाही तेच सांगितलं. त्यानं केंद्रातल्या संगणकावर रूट होऊन मूळ स्क्रिप्ट चालवली, पॅकेज तयार झालं, बोलपेटी नव्या रंगात झळकली. खूश होऊन त्यानं पॅकेज शाळांना चढवलं.

चंचल परतली तोवर शाळांचे फोन सुरू झाले होते. बोलपेटी गायब. पॅकेज रिकामं होतं. सगळ्या फाइली केंद्राच्या संगणकात शिरल्या होत्या, पॅकेजमध्ये एकही आली नव्हती. रिकाम्या पॅकेजनं शाळांमधली जुनी बोलपेटी मात्र काढून टाकली होती. भुपेंद्रच्या डोळ्यांसमोर ती चालत होती म्हणून त्याला काही कळलंच नाही.

तिनं ध्वनिफितींचं फोल्डर उघडलं. ते नव्हतंच.

"तुम्हाला मी काय सांगून गेले होते?" ती ओरडली. बाहेर चहावाला थबकला. "काय सांगून गेले होते, भुपेंद्रभाऊ?"

"कंपनीवालेच बोलले..."

"कंपनीवाले इथं राहतात का? पतिरामबाबांना ओळखतात का?"

तिनं संगणक तिथल्या तिथं बंद केला, कारण चालू ठेवला तर पुसलेल्या जागेवर आणखी काही लिहिलं गेलं असतं. डिस्क काढली, दुसऱ्या संगणकाला जोडली आणि मिळतील ते तुकडे गोळा करायला लागली. शाळांना त्याच दिवशी जुनं पॅकेज परत चढवलं. ते सोपं होतं. आवाजांचं तसं नव्हतं. लीलाबाईच्या काही फिती चंचलच्या लॅपटॉपवर निघाल्या, आवाजाच्या साफसफाईसाठी घेतलेल्या. पतिरामच्या लांब गोष्टी तिनं अजून घेतल्याच नव्हत्या. डिस्कमधून एक सापडली, मधूनच सुरू होणारी आणि वाक्याच्या ऐन मध्ये तुटणारी.

संस्थेची मिटिंग गोंदियात झाली. कंपनीचा माणूस म्हणाला, वापरणाऱ्याची चूक आहे. भुपेंद्र खाली बघत म्हणाला, "पॅकेजचं काम तर चंचलकडेच आहे." दुर्गाप्रसादजींनी हात जोडल्यासारखं करत सुचवलं, "बेटा, शाळांना आपण कळवू की तांत्रिक कारणानं अडचण आली. बात खतम."

चंचल उभी राहिली. तिचे कान तापले होते. "तांत्रिक कारण कुणाचं नाव आहे? मी नाही म्हटलेलं काम माझ्या मागं केलं. पुसायची ओळ या कंपनीनं लिहिली, चालवा असं यांनीच सांगितलं. एका मेलेल्या माणसाचा आवाज गेला, आणि तुम्ही त्याला अडचण म्हणता? शाळांना खरं कळवा, नाहीतर उद्यापासून दुसरा माणूस शोधा."

 शेवटी दुर्गाप्रसादजींनी घसा खाकरला आणि खरं तेच कळवायचं ठरलं. कंपनीनं तिची दुरुस्ती घेतली. पुढच्या आवृत्तीसोबत त्यांनी एवढंच लिहिलं, 'किरकोळ सुधारणा'. ते शब्द वाचून चंचलनं लॅपटॉप इतक्या जोरात मिटला की शेजारच्या टेबलावरचा माणूस दचकला.

बाजाराच्या दिवशी लीलाबाई आली. चंचलनं तिला खाली बसवून सगळं सांगितलं. म्हातारीला पॅकेज समजलं नाही, पुसणं समजलं.

"कोनं पुसलं?"

 भुपेंद्र दारातच उभा होता. तो पुढं आला. "मीच, आजी. चुकून झालं. कंपनीनं सांगितलं होतं."

"कंपनी सांगन तं आपल्या घराले आग लावशील का गा?" लीलाबाईचा आवाज उंच नव्हता. "ह्या पोरीनं नाही म्हटलं होतं ना? मंग तिचं काऊन नाही आयकलं?"

 लीलाबाईनं भुपेंद्रला समोर बसवलं आणि उरलेला तुकडा लावायला सांगितला. पतिराम बिब्याच्या झाडाबद्दल बोलत होता, मग तुटला. म्हातारीनं तो पुन्हा लावायला सांगितला. मग पुन्हा. भुपेंद्र डोळे पुसत होता. तिनं त्याच्याकडे बघितलंही नाही.

पुढच्या आठवड्यात बाहेरची डिस्क आली, आणि बांधणीसाठी एक वेगळा संगणकही. त्याच्यावर दुसरं काहीच ठेवायचं नाही असा चंचलचा नियम होता. तिचा राग गेला नव्हता. भुपेंद्रशी ती कामापुरतंच बोलायची.

लीलाबाई एक दिवस माइकसमोर येऊन बसली. "त्याची गोष्ट मी सांगतो," ती म्हणाली. "तशीबी त्यानं बिब्याची गोष्ट चुकीचीच सांगितली होती. मी किती डाव सांगलं, त्यानं आयकलंच नाही."

चंचलनं ध्वनिमुद्रण सुरू केलं. लीलाबाईनं पदर सावरला, घसा साफ केला आणि नवऱ्याची चूक कुठं होती तिथून सुरुवात केली.