जगनसरांची कोरडी जहाजं

बातमी आली तेव्हा मी जगनसरांवर चिडलेली होते. बोईसरच्या बाजारात मेथीची जुडी हातात धरून भाजीवालीशी घासाघीस चालली होती आणि डोक्यात सरांशी भांडण. आज संध्याकाळी त्यांच्याकडे जायचं, मालतीताईंच्या देखत बोलायचं, की अहो, आता तरी आईला सांगा, अजून किती लपवणार? तेवढ्यात फोन वाजला. मालतीताई म्हणजे सरांच्या पत्नी. त्या एवढंच म्हणाल्या, "बाई, सर गेले हो..." मी मेथी तिथेच टाकली आणि रिक्षा पकडली. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. मी धरला. सालवडच्या त्यांच्या घरापर्यंत मी त्यांना मनातल्या मनात इतकं सुनावलं की रडायचं राहूनच गेलं. ते नंतर, घरी आल्यावर, कुकर लावताना आलं.

आम्ही एकाच शाळेत शिकवायचो. ते इतिहास, मी गणित. मी मूळची सोलापूरकडची. नवऱ्याला इथल्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून या दमट हवेत येऊन पडले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला त्याबद्दल ऐकवत राहिले. सर इथलेच, सातपाटीचे, मच्छीमाराच्या घरातले. शिक्षकांच्या खोलीत पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते टेबलावर छत्रीच्या काड्या, काथ्या आणि कारखान्यांतून टाकून दिलेल्या पेट्यांच्या फळ्या पसरून बसले होते. माझे पेपर ठेवायलाही जागा नव्हती. मी म्हटलं, "सर, हे दुकान कधी उठणार?" मान वर न करता ते म्हणाले, "शिडं चढली की." असा सगळा कारभार! हट्टी माणूस. आणि चूक दाखवली की तीन-चार दिवस अबोला ठरलेला. मुलं त्यांना मागे 'कप्तान' म्हणायची. त्यांना ते माहीत होतं आणि आवडायचंही, पण कळू द्यायचे नाहीत.

सनावळ्या पाठ करून घेणं त्यांना जमायचंच नाही, ते जहाजांवरून इतिहास शिकवायचे. वर्गात येताना काखेत एक जहाज असायचं. आधी नुसतं पोखरलेलं खोड, मग लव्हाळ्यांच्या पेंढ्या बांधून केलेली इजिप्तची नाव. मग दोन्ही अंगांना वल्ह्यांच्या रांगा असलेलं रोमन लढाऊ जहाज. आमच्या घरच्या खराट्याचे हीर त्या वल्ह्यांसाठी गेले, म्हणून मला नीट आठवतं. अरबांचं जहाज त्यांनी एकही खिळा न मारता फळ्या काथ्याने शिवून केलं होतं, कारण ते लोक खरोखर तसंच करत. मराठ्यांच्या आरमाराचा धडा आला की बघायलाच नको. तोफा वाहणारी जाडजूड गुराब आणि वारा पडला की वल्ही मारत तिला ओढून नेणारं चपळ गलबत, दोन्ही टेबलावर ठेवून स्वतःच तोंडाने तोफा उडवायचे. शेजारच्या वर्गात मी अपूर्णांक शिकवत असायचे. भिंतीपलीकडून "धडाम!" आलं की माझा अख्खा वर्ग खिडकीकडे.

पण एक जहाज आणायचे तेव्हा त्यांचा वर्ग गप्प असायचा. गुलाम वाहून नेणारं जहाज. त्याचा वरचा भाग झाकणासारखा उचलता यायचा, आणि आत माणसं, म्हणजे काडेपेटीतल्या काड्या, एकीला एक चिकटवून आडव्या झोपवलेल्या. सर नुसतं झाकण उघडून बाकाबाकांवरून फिरवायचे. एकदा मी विचारलं, एवढ्या लहान मुलांना हे कशाला दाखवता? तर म्हणाले, "बाई, माणसाने पहिली नाव केली ती पलीकडे काय आहे ते बघायला. पुढच्या सगळ्या केल्या त्या पलीकडचं उचलून आणायला. पोरांना दोन्ही कळू दे की." मग वाफेची बोट, तेलवाहू जहाज, डब्यांच्या उतरंडी रचलेली आताची अवाढव्य जहाजं... सालवडच्या त्या दोन खोल्यांत माळ्यावर, कपाटावर, फ्रिजवर, देवघराच्या वरसुद्धा जहाजंच होती. मालतीताई म्हणायच्या, "आमच्याकडे पाहुणा उभा राहील एकवेळ, पण जहाजाला जागा हवी."

त्यातलं एक गलबत त्यांनी मला दिलं होतं, माझ्या मुलीच्या बारशाला. मी घरी आणलं आणि हौसेने पाण्याच्या बादलीत सोडलं. ते क्षणभर डुललं आणि आडवं झालं. दुसऱ्या दिवशी हसत हसत सांगितलं तर सरांचा चेहरा पांढराफटक. "तुम्ही ते पाण्यात घातलंत?" मी म्हटलं, "अहो जहाज आहे ते, लोणचं नव्हे! पाण्यात नाही तर कशात घालायचं?" ते संध्याकाळी घरी आले, गलबत मागून घेतलं, शर्टाच्या टोकाने पुसलं, खिडकीत वाळत ठेवलं आणि मग खुर्चीत बसून सांगितलं. सर लहान असताना त्यांचे वडील शिडाच्या पडावावर, म्हणजे मासेमारीच्या होडीवर, गेले ते परत आलेच नाहीत. पडावही नाही आणि त्यावरचं कुणीच नाही. सर एकुलते एक. आईने त्यांना किनाऱ्यावर नेलं, समुद्राकडे पाठ करून उभं केलं आणि वदवून घेतलं, की मी नावेवर पाय ठेवणार नाही. "तेव्हापासून मी ठेवला नाही," सर म्हणाले. "आणि माझं एकही जहाज पाण्याला लागलेलं नाही, बाई. तुमचं पहिलं." सातपाटीत जन्मलेला माणूस, आणि आयुष्यात कधी होडीतही बसला नव्हता. मी चहा टाकला.

दर रविवारी ते पालघरवरून सातपाटीला आईकडे जायचे. पुढे मीही कधीमधी जाऊ लागले, म्हणायला सुकट आणायला. त्यांची आई, सगळे तिला आय म्हणत, तेव्हाच ऐंशीच्या घरात होती, आणि दिसणं जवळजवळ गेलेलं. अंगणात बांबूंच्या वलांडीवर बोंबील वाळत असायचे आणि ती खाली बसून कावळ्यांना हाकलत असायची, आवाजावरून. सर आले की ती आधी त्यांचे पाय चाचपायची. तळपाय, घोटे, पँटची खालची पट्टी. ओल लागते का बघायची. मग शर्टाचा वास घ्यायची. मुलगा साठीचा झाला, निवृत्त झाला, तरी हे चालूच. किनाऱ्यावर जरा फिरून आलेले असले तर सर गल्लीच्या तोंडाशी थांबून चपला झटकायचे, पाय पुसायचे, चोरी केल्यासारखे. मी हसायचे. आता हसू येत नाही.

निवृत्तीनंतर त्यांना एकच ध्यास लागला. एकदा जायचं. फार नाही, खाडीतून बाहेर पडून जमीन दिसेनाशी होईपर्यंत. चुलत भाऊ हेमंतची बोट होती, तो कधीही न्यायला तयार होता. गुपचूप जाता आलं असतं. हेमंत म्हणाला देखील, "म्हातारीला काय कलतय, पाय पुसून ये." पण सर कसले ऐकतायत! त्यांनी सरळ आईला विचारलं. मी तिथेच होते, बोंबील निवडत. "आय, एकदा जाव काय दर्यावर? हेमंतच्या बोटीतून. सकाली जाईन, दुपारी येन."

तिने आधी एक कावळा हाकलला. मग म्हणाली, "माज्या मागारी जा. मी हाय तवर नाय."

परतताना रिक्षात सर हसत होते. "बघितलंत? म्हणजे आता मी काय तिच्या मरणाची वाट बघायची? लाज वाटते हो बाई, जहाज करायला बसलो की मनात तेच येतं." हसत होते, पण डोळे भरलेले होते. त्यानंतर त्यांनी तो विषय आईजवळ पुन्हा काढला नाही.

आणि मग त्यांचं पोट दुखायला लागलं. तपासण्या झाल्या, मुंबईच्या फेऱ्या झाल्या. कॅन्सर, आणि तोही पसरलेला. डॉक्टरांनी मालतीताईंना बाजूला घेऊन सांगितलं, सरांना न सांगताच कळलं. आईला मात्र त्यांनी कळू दिलं नाही. अंग निम्मं झालं होतं तरी दोन शर्ट एकावर एक घालून रविवारी जायचे, की तिने चाचपलं तर हाडं लागू नयेत. मी चिडले. खरंच चिडले. म्हटलं, "सर, आता तरी सांगा तिला. तुम्ही आजारी आहात म्हटल्यावर आई कशी नाही म्हणेल? सोडेल ती तुम्हाला. जाऊन या एकदा." त्यांनी हातातली फळी घासायची थांबवली. "आणि काय सांगू? आय, मी तुझ्याआधी जाणार आहे, तेव्हा शब्द मोकळा कर? नवऱ्याची वाट बघितली तिने आयुष्यभर. तिला हे सांगून मी बोटीत बसू? कसली जहाजं आणि कसलं काय..." मी म्हटलं, हा तुमचा नुसता हट्ट आहे. ते म्हणाले, असू दे. आमचं शेवटचं बोलणं हेच. मला त्याचं वाईट वाटत नाही. ते जगले असते तर हे भांडण अजून चालू असतं, आणि मला ते हवं होतं.

आईला सांगायला हेमंत गेला होता. तिला सालवडला आणलं तेव्हा सरांना खाली ठेवलेलं होतं. ती पायांशी बसली आणि सवयीने तळपाय चाचपू लागली. मग घोटे, मग पोटऱ्या. तिथे तिचे हात थांबले. सगळं तिच्या हातांना कळलं. "कवापासना?" तिने विचारलं. शेवटी मीच म्हटलं, वर्ष होत आलं, आजी. ती ओरडली नाही, ऊर बडवला नाही. कोरड्या आवाजात म्हणाली, "दर्यापासना राखला ग मी याला. सगली पोरा जायची, माजा नाय गेला. दर्याला नाय दिला. मंग घरातना कोनी नेला?" त्या खोलीत आम्ही सगळी शिकलेली माणसं उभी होतो, भिंतभर जहाजं होती. मला तिचा राग होता इतकी वर्षं. तो तिथे गेला.

अस्थींचं काय करायचं, हा प्रश्न आला. मालतीताईंना वाटत होतं समुद्रात न्याव्यात, बोटीने, लांब. पण विचारायची त्यांची छाती होईना. शब्द दिलेला माणूस गेला म्हणून शब्द सुटतो का, हे कुणी ठरवायचं? भाऊबंदांत दोन तट पडले. कुणी म्हणे नाशिकला न्या, कुणी म्हणे खाडीच्या काठावरूनच सोडा, बोट नको, म्हातारीचा जीव दुखेल. दोन दिवस नुसती कुजबुज. मला कुजबुज सोसत नाही. मी आयजवळ जाऊन बसले आणि विचारलं, "आजी, सरांच्या अस्थी हेमंतच्या बोटीतून न्याव्यात असं मालतीताईंच्या मनात आहे. तुम्ही नाही म्हणालात तर नाही नेणार."

ती म्हणाली, "नाय म्हनला होता मी तो जित्या पोराला. आता काय बुडायचा हाय तो?"

भरतीच्या पाण्यावर, सकाळी, बोट निघाली. मालतीताई कलश मांडीवर घेऊन बसल्या, हेमंत आणि दोघेतिघे भाऊबंद बरोबर. मी काठावर आयजवळ थांबले. मला पोहता येत नाही हे खरं, पण म्हातारीला एकटं सोडवेना हेही खरं. ती वाळूत बसली, समुद्राकडे तोंड करून. थंडी होती. मी तिच्या अंगावर माझी शाल टाकली. मध्येच ती विचारायची, "बोट दिसतय काय ग?" मी म्हणायचे, दिसतेय. मग दिसेनाशी झाली तरी मी काही वेळ दिसतेय म्हणत राहिले. मग तिनेच सांगितलं, "आता नाय दिसत. मशीनचा आवाज गेला." तिच्या शेजारी बसून मला ती सगळी जहाजं आठवत होती, वल्ह्यांची, शिडांची, वाफेची. त्या प्रत्येकासाठी कुठल्या ना कुठल्या काठावर कुणीतरी बाई अशी बसली असेल. सरांच्या जहाजांत एकही बाई नव्हती. हे त्यांना ऐकवायला हवं होतं. फार चिडले असते.

ऊन चढल्यावर बोट परतली. तिथली एक रीत मला ठाऊक होती. बोट लागली की काठावरची बाई आधी मासळीचं विचारत नाही, आधी विचारते, सगळी आली का? आणि बोटीचा म्होरक्या, तांडेल, ओरडून सांगतो, आली. आय माझ्या खांद्याला धरून उठली. मला वाटलं, आज ती विचारणार नाही. कशी विचारेल? मालतीताई रिकाम्या हातांनी खाली उतरत होत्या, हेमंत दोर ओढत होता. आणि आयने मान वर करून, काठावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "सगली आली का रं?"

हेमंतच्या हातातला दोर तसाच राहिला. त्याने माझ्याकडे बघितलं, मालतीताईंकडे बघितलं. मग खाली मान घालून तो म्हणाला, "नाय, आय. जगनदादा रायला."

तिने मान हलवली.

"र्‍हाऊ दे त्याला," ती म्हणाली. "लय थांबवला मी."