लातूरहून न दिसणारी गोष्ट

लग्न होऊन लोह्याला आल्यावर आईनं एक गोष्ट लिहिली होती आणि ती मासिकात छापून आली होती, हे आम्हा दोघी बहिणींना आई ऐंशीला टेकल्यावर कळलं. तेव्हा ती लातूरला माझ्याकडं आली होती. शेंगा फोडता फोडता सहज बोलून गेली. अंक कुठं आहे विचारलं तर म्हणाली, "आपल्याकडं कवाच नव्हता. नांदेडच्या वाचनालयात आला होता. अण्णांनी तिथं वाचला अन् घरी येऊन सांगितलं, छापली म्हणून."

अण्णा, म्हणजे आमचे वडील, जाऊन बरीच वर्षं झाली.

मासिक केव्हाच बंद पडलेलं. पण त्याचे जुने अंक अमेरिकेतल्या एका ग्रंथालयानं स्कॅन करून ठेवलेले सापडले. आईचं नाव टाकलं, तर ते एका अंकात असल्याचंही दाखवलं. पान उघडायला गेले आणि उत्तर आलं, हे तुमच्या देशातून पाहता येणार नाही. मला वाटलं माझंच काही चुकतंय. नांदेडात वाचलेलं मराठी मासिक लातुरात दिसत नाही आणि अमेरिकेत दिसतं, हे काही डोक्यात शिरेना.

कॉलेजातल्या एका सहकाऱ्यानं समजावलं, "मॅडम, हक्कांची भानगड असते ती. व्हीपीएन टाका, म्हणजे तिकडं वाटतं तुम्ही अमेरिकेतच आहात." टाकलं. तर ती साइट मी माणूस आहे का ते विचारू लागली, चित्रांतले सिग्नल ओळखायला लावू लागली. सगळे ओळखले तरी तिची खात्री पटेना.

शेवटी अमेरिकेत राहणाऱ्या धाकट्या बहिणीला सांगितलं. तिला ते पान लगेच उघडलं. रविवारी सकाळी तिनं व्हिडिओ कॉल लावला आणि आईला मोठ्यानं वाचून दाखवू लागली. सासरी जीव रमत नाही म्हणून एक सून माहेरी, बिलोलीला निघून येते. ऐकताना आईचे ओठ हलत होते, पुढचं वाक्य तिला आधीच ठाऊक होतं. शेवटी सून सासरी परत येते, सासूच्या पाया पडते आणि सगळं गोड होतं.

आईचे ओठ मध्येच थांबले होते.

"हे माझं न्हाई," ती म्हणाली.

"नाव तर तुझंच आहे," बहीण म्हणाली.

"नाव हाय. गोष्टबी माझीच हाय. पण मी तिला परत आणलंच नव्हतं."

"मग संपादकांनी बदललं असेल."

"आसंल." मग म्हणाली, "माझं अक्षर बरं नव्हतं. अण्णांनीच सगळी नव्यानं उतरवून टपालात टाकली होती."

मग मी म्हणाले, "अण्णा असं कशाला करतील?"

"मी कुठं म्हणाले त्यांनी केलं? ते तर म्हणाले, जशीच्या तशी छापली. लई खूश होते. पेढे आणले होते."

मला काहीच उमजेना. लग्नानंतर आईला मॅट्रिकला बसवणारे अण्णा. त्यांनी शेवट बदलला असेल, तर ते इतके खूश कसे? आणि संपादकांनी बदलला असेल, तर जशीच्या तशी का म्हणाले? नीट वाचलंच नसेल, की तिचं मन मोडू नये म्हणून तसं बोलले असतील? बहीण अजून संपादकांनाच दोष देते. माझं मत मात्र आजचं उद्या राहत नाही.

दोन-चार दिवसांनी भाजी निवडताना मी आईला विचारलं, अण्णांचा राग आला का.

"आता कशाचा राग. पण मला विचारायचं तरी," एवढंच ती म्हणाली. कुणी विचारायचं, अण्णांनी की संपादकांनी, ते तिनं सांगितलं नाही.

"बरं, तुझ्या गोष्टीत ती माहेरीच राहिली. मग पुढं?"

"शिवणकाम शिकली. भावाच्या पुढच्या खोलीत मशीन टाकली."

"सासरचे न्यायला आले नाहीत?"

"आले की. चहा पिऊन गेले."