न पोहोचलेला मुराळी

ही गोष्ट माझ्या बायकोला ठाऊक नाही. मुलांनाही नाही. देवापुढे बसतो तेव्हासुद्धा ती आठवण आली की मी घाईघाईनं पुढचं स्तोत्र म्हणायला लागतो. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण असेल. आणि मागच्या महिन्यात जे झालं त्यानंतर मला एका जागी बसवत नाही. उठतो, ओसरीवर येतो, खळ्यापर्यंत जातो, परत येतो. बायको विचारते, काय हरवलंय? काय सांगू तिला?

तर सांगतो. पण सरळ सांगता येईल असं वाटत नाही — थोडं इकडून तिकडून यावं लागेल.

आम्ही शहाद्याकडचे, तापीकाठच्या काळ्या जमिनीतले. घरी कापूस, ज्वारी, दोन बैलजोड्या. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी बहीण जमना. मी तिला आक्का म्हणतो. तिला दिली होती लांब — खापरच्याही पुढे दोन कोस, गुजरातच्या अंगाला. आणि आमच्याकडे आखाजी म्हणजे लेकींचा सण. तुम्ही अक्षय्य तृतीया म्हणता तीच. दिवाळीला लेक आली नाही तरी माय मन मारते, पण आखाजीला सासरवाशीण माहेरी हवीच. झाडाला झोके बांधायचे, पोरींनी गाणी म्हणायची. तिला आणायला भावानं जायचं, त्याला मुराळी म्हणतात. सासरच्यांनी हो म्हटलं तर बहीण बरोबर येते. नाही म्हटलं तर मुराळी एकटा परततो आणि गावभर त्याची शोभा होते.

माझी एकदा झाली होती. आक्काच्या लग्नानंतरच्या दुसऱ्या आखाजीला तिच्या सासऱ्यानं मला सकाळपासून ओट्यावर बसवून ठेवलं. पाण्याचा तांब्यासुद्धा आला नाही. येणारे-जाणारे विचारायचे, हा कोण? आणि सासरा म्हणायचा, मुराळी आलाय, अजून ओठ सुकले नाहीत दुधाचे. माणसं हसायची. मीही हसायचो, हे सगळ्यात वाईट. दुपारी त्यानं सांगितलं, घरात माणूस कमी आहे, पुढच्या वर्षी बघू. आक्का दाराआड उभी होती, तिच्या बांगड्या वाजल्या तेवढ्या ऐकल्या. मी अठरा वर्षांचा होतो. खापर येईपर्यंत बैलांना मारत आलो — त्या मुक्या जनावरांना.

पुढच्या वर्षी माय म्हणाली, या खेपेला मीही येते. आबा, म्हणजे वडील, म्हणाले, मग मीही. म्हणजे सगळं घरच दमणीत, आमच्या हलक्या बैलगाडीत, बसून निघालं. आई-बापाला लेकीच्या दारापर्यंत मात्र जाता येणार नव्हतं. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही आमची रीत, आणि आबा रीतीला पक्के. ते दोघं खापरला ओळखीच्या एका व्यापाऱ्याकडे थांबणार, शेवटचे दोन कोस मी एकट्यानं जायचं. एवढ्यासाठी मायनं दोन दिवसांचे हाल का सोसावेत? तर लेक घरी पोहोचल्यावर दिसण्याऐवजी दोन दिवस आधी दिसेल म्हणून.

त्या रस्त्यावर आता कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार जाते. खोकत का होईना, दिवसात पोहोचवते. तेव्हा तळोद्यापर्यंतच एक दिवस जायचा. वैशाखाचं ऊन, चाकं बुडतील एवढा फुफाटा. उन्हानं चाकाचं लाकूड आकसतं आणि लोखंडी धाव सैल होते, म्हणून पाणी दिसेल त्या नाल्यात दमणी उभी करून चाकं भिजवायची. अक्कलकुव्याच्या पुढे तर रस्त्याला रस्ता म्हणणं म्हणजे त्याची थट्टाच. दगड, चाकोऱ्या, मध्येच तुटलेला कडा. आबा पुढे बसून मला शिकवत होते — अरे डावीकडून, अरे सावकाश, डोळे फुटले का? मी दात खाऊन हाकत होतो. माय मागे बसली होती, मांडीवर वेताची टोपली. त्यात सांजोऱ्या होत्या, व्याह्यांकडे द्यायची शिदोरी. खाली ठेवली तर दचक्यांनी चुरा होईल म्हणून तिनं दोन दिवस ती टोपली मांडीवरून उतरवली नाही. पाय बधिर झाले तिचे. तळोद्याला उतरताना मला तिला धरून उतरवावं लागलं.

आणि माझं काय चाललं होतं? त्या सगळ्या वाटेत मला फक्त तो ओटा दिसत होता.

खापरहून सकाळी निघालो तेव्हा मायनं टोपली माझ्या शेजारी कापडानं बांधून दिली. म्हणाली, "जमनाले ल्हीसनच येजो. एकला उना तं माले तोंड दखाडू नको." एकटा आलास तर तोंड दाखवू नको, हे हसतच म्हणाली. मी मान हलवली आणि बैल हाकलले.

गाव दिसायला लागलं. अलीकडे एक नाला, नाल्याच्या काठी मोहाचं मोठं झाड. मी दमणी सावलीला घेतली. म्हटलं, तोंड धुऊ, पागोटं नीट बांधू, धुळीनं माखलेला मुराळी बरा दिसत नाही. तोंड धुतलं. पागोटं बांधलं, सोडलं, परत बांधलं. बैलांना पाणी दाखवलं. काय बोलायचं ते मनाशी म्हणून पाहिलं — मामंजी, आबांनी रामराम सांगितलाय. मग त्यांचं उत्तरही मीच म्हटलं, आणि त्यावर लोकांचं हसणंही मला ऐकू आलं. जरा दम घेऊ, म्हटलं. सावली त्या दगडापर्यंत आली की उठू. सावली आली. पुढच्या दगडापर्यंत, म्हटलं.

आता खरं सांगतो. मी गावात गेलोच नाही. कुणी मला अडवलं नाही, कुणी माघारी पाठवलं नाही. ऊन कलायला लागलं तेव्हा मी बैल जुंपले आणि दमणी खापरकडे वळवली.

भीती होती का? होती. पण भीतीनं माणूस पळतो. मी पळालो नाही. चांगला तीन-चार तास बसून, विचार करून वळलो. वाटेत मला हलकं वाटलं हेही सांगून टाकतो. बैलसुद्धा मी या खेपेला मारले नाहीत.

खापरला माय रस्त्यावरच उभी होती. दमणीत एकटा मी. आबांनी विचारलं, "काय म्हनेत?" मी म्हणालो, "नही धाडत म्हने." बस, एवढंच बोलायचं ठरवलं होतं. मागच्या वर्षी नाही धाडली, यंदाही नाही, पुढच्या वर्षी धाडतील — यात कुणाचं काय बिघडणार होतं? पण शेजारी टोपली होती. मायनं बांधलेली गाठ तशीच्या तशी. वाटेत कितीतरी माणसं भेटली, डोक्यावर सरपण घेतलेल्या बाया, त्यांची पोरं. कुणालाही त्या सांजोऱ्या देऊन टाकता आल्या असत्या. मला सुचलंच नाही. लेक धाडली नाही तर माणूस समजून घेतो. शिदोरी न उघडता परत करणं म्हणजे थोबाडीत मारणं. आबांचं लक्ष गाठीकडे गेलं. "शिदोरी बी परत कयी त्यासनी?"

तेव्हा तरी बोलायचं होतं. एक शब्द पुरला असता. मी मान हलवली — होकाराची.

आबांनी तिथल्या तिथे, व्यापाऱ्याच्या ओसरीवर चार माणसांदेखत सांगितलं, या घरचा माणूस पुन्हा त्या दारी जाणार नाही. दुसऱ्या दिवशी बाजारातून तसा निरोपही धाडला. पलीकडून उलट निरोप आला — आमच्याकडे कुणी आलंच नव्हतं, खोटारडे आहात तुम्ही. आबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पोराच्या शब्दावर त्यांचा एवढा विश्वास! त्यांनी व्याह्यांना खोटं ठरवलं आणि विषय मिटवला.

सात आखाज्या गेल्या. पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी यायची असते. आक्काला मुलगा झाला तो सासरीच, आणि आम्हाला कळलं ते दोन महिन्यांनी, एका फिरत्या बांगडीवाल्याकडून. मूल झालं म्हणजे आता आबांना पाणी चालणार होतं. पण जाणार कोण? मायनं एकदा विषय काढला. आबा ताटावरून उठले.

पण याहूनही वाईट एक आहे. माय मला विचारायची. एकटी गाठून, भाकरी थापता थापता — कशी दिसत होती रे ती? कोणतं लुगडं नेसली होती? वाळली होती का? आणि मी सांगायचो! हिरवं लुगडं होतं, म्हणायचो. दारात उभी होती. थोडी वाळली होती, पण बरी होती. माय परत विचारायची, "रडनी का रे ती?" रडली, मी म्हणायचो. मग माय पदरानं डोळे पुसायची आणि तिला जरा बरं वाटायचं. दरवर्षी तेच प्रश्न, आणि मी दरवर्षी थोडं नवं जोडायचो. मी न पाहिलेल्या लेकीला माय माझ्या तोंडून पाहत होती. सातव्या वर्षी उन्हाळ्यात ताप आला आणि ती गेली. शेवटच्या दोन दिवसांत भ्रमात ती त्या हिरव्या लुगड्याबद्दल बोलत होती.

दहाव्याला आक्का आली. आबांनी दारात तिला पाहिलं, बाजूला झाले. संध्याकाळी मागच्या अंगणात ती भांडी घासत बसली होती, मी पाणी घेऊन गेलो. मान वर न करता म्हणाली, "मी धाबावरतीन देखं तुले. मोहना झाडखाले बठेल व्हता तू."

त्या दिवशी ती घराच्या धाब्यावर कुरडया वाळत घालत होती. बैल तिनं लांबूनच ओळखले, एक पांढरा, एक कोसा. धावत खाली आली, सासूला सांगितलं भाऊ आला. आणि सासऱ्यानं — त्याच सासऱ्यानं — जा म्हटलं. ओट्यावर खाट टाकायला लावली, तांब्या भरून ठेवला. तिनं बोचकं बांधलं. वाट पाहिली. परत धाब्यावर गेली तेव्हा दमणी पाठमोरी चालली होती. खाली येऊन तिनं सांगितलं, दुसऱ्याच कुणाची गाडी होती, मला भास झाला. नंतर आबांचा निरोप आला तेव्हा सासऱ्यानं तिला समोर उभं करून विचारलं. तिनं काय सांगायचं? भाऊ आलाच नव्हता म्हटलं तर बाप खोटा. येऊन पळाला म्हटलं तर भाऊ. तिनं सांगितलं, मला ठाऊक नाही. तेच उत्तर ती सात वर्षं देत राहिली आणि त्यासाठी तिला जे ऐकून घ्यावं लागलं ते तिनं मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मी काय म्हणालो? म्हणालो, आबांना सांगू का? ती म्हणाली, "माय गयी. आते कोनले सांगानं शे?" आणि पातेलं उपडं घातलं. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि मी ते मानून घेतलं. आबाही पुढे चार वर्षांनी गेले. व्याही आपल्या पोराला खोटं ठरवतात, हे ते शेवटपर्यंत सांगत होते. मी ऐकत होतो.

आता मागच्या महिन्याचं. आक्का मोटारीनं आली, बरोबर तिचा मुलगा. विशीतला, धुळ्याला शिकलेला, गोरागोमटा. त्याचं लग्न ठरलंय, मामाला पहिलं आमंत्रण द्यायला आला. चहा झाला, पत्रिका झाली. मग तो एकदम उठला आणि माझ्यापुढे वाकला. मला वाटलं, निघाला. तो म्हणाला, "मामा, मन्हा आजलानी तुमले माघारे धाडं. शिदोरी परत कयी. त्यासनाकरता मी पाया पडस." त्याचा आजा, म्हणजे आक्काचा सासरा, मरून पाच वर्षं झालीत. शेवटपर्यंत तो म्हणत होता की आपल्या दारी कुणी आलंच नव्हतं, आणि त्याच्या घरातल्या माणसांचाही त्याच्यावर विश्वास राहिला नव्हता, हे मला तेव्हा कळलं.

पोराचे डोळे भरले होते. त्याचं कपाळ माझ्या पायांवर होतं. मी त्याला उठवलं, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, मी ते केव्हाच माफ केलंय.

आक्का समोरच बसली होती. ती ऐकत होती.