रिकामी म्हणे जमीन!

उज्ज्वलच्या हातात कुठलाही नकाशा द्या, तो आधी कडेला बघतो. लातूरकडच्या त्याच्या गावी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर गावाचा नकाशा रंगवला होता आणि तो ओढ्यापाशी संपायचा. आमच्या लोकांची घरं ओढ्यापलीकडे. तुझं घर दाखव, असं गुरुजी म्हणाले तेव्हा या पोरानं नकाशा सोडून शेजारच्या कोऱ्या चुन्यावर बोट ठेवलं. मी त्याची बायको. इथे परदेशात, बुकित पंजांगला फ्लॅट बघतानाही यानं आधी विचारलं, सफाई कामगार जेवायला कुठे बसतात?

गेल्या वर्षी त्याच्या कंपनीला कॅनडाच्या एका संग्रहालयाचं काम मिळालं. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या एका खाडीत नौदलाचा तळ होता. ब्रिटनला माल नेणाऱ्या जहाजांना जर्मन पाणबुड्यांपासून जपायला छोट्या युद्धनौका तिथून निघायच्या. युद्धानंतर तळ ओस पडला. आता तो पहिल्या दिवसापासून, संगणकावर चित्रं रचून, पडद्यावर उभा करायचा होता.

तळ बांधण्याआधी विमानातून काढलेल्या फोटोत उज्ज्वलला खाडीच्या टोकाला घरं दिसली. त्यानं विचारलं. उत्तर आलं, हो, तिथं मासेमारी करणाऱ्या मूळ रहिवाशांची वस्ती होती, तळासाठी हलवली. आणि कामाच्या मसुद्यात लिहिलं काय, तर 'रिकामी जमीन'! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उज्ज्वलनं मात्र गुपचूप घरं उभी केली. दारातल्या होड्या, वाळत घातलेले मासेसुद्धा.

त्याचा मॅनेजर प्रबोध, आपल्याच पुण्याचा. तो म्हणाला, "अरे, क्लायंटला बेस हवाय, झोपड्या नकोत. काढून टाक."

"होत्या तिथे."

"असतील. लोक बोटी बघायला येतात रे. तू प्रत्येक ठिकाणी तुमचं ते आणू नकोस."

तुमचं ते! काय ते, हे म्हणायची हिंमत नाही आणि टोमणा मारल्याशिवाय राहवत नाही. मी घरी भांडले, "तू ऐकून कसं घेतलंस?" तो म्हणाला, "इथं राहून नोकरी करायचा पास कंपनीच्या हातात आहे. पण घरं मी काढणार नाही."

उद्घाटनाचा व्हिडिओ आम्ही तिघांनी पाहिला. क्रेन होत्या, बराकी होत्या, धक्क्यावर समुद्रपक्षीसुद्धा होते. खाडीच्या टोकाला नुसतं गवत. "पपा, युअर हाउसेस ऑल गॉन लाह," आमची लेक इशिता इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली. शेवटी मोठ्या अक्षरांत उज्ज्वलचं नाव आलं.

त्यानं तिथल्या तिथे प्रबोधला फोन लावला.

"माझं नाव काढ."

"वेडा आहेस का? एवढं मोठं काम, करिअरला उपयोगी पडेल."

"जिथून ती माणसं पुसलीस, तिथं माझं नाव नको."

"तू ना, उगाच..."

"काढ म्हणतो ना!" लग्नाला इतकी वर्षं झाली, त्याचा आवाज असा चढलेला मी कधी ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी व्हिडिओ पुन्हा लावला. नाव गेलं होतं. प्रबोधला त्यात काहीच कठीण गेलं नसणार, हात बसलाय त्याचा.