बाळारामदादांचे पाच आवाज

अनिका आणि रोहन,

शुक्रवारी मी कंपनीच्या कपाटाच्या किल्ल्या परत केल्या. आता पुन्हा कामावर जायचं नाही. आजीने म्हातारपणी पॉडकास्ट केला, एवढं तुम्हाला माहीत आहे, आणि तुम्ही ते तिकडे मित्रमैत्रिणींना कौतुकाने सांगता असं तुमची आई म्हणते. त्यातला एक भाग कौतुकाचा नाही. तो मी अजून कोणाला नीट सांगितलेला नाही. डोक्यात सगळं जागेवर आहे तोवर लिहून टाकते.

तो सोमवार होता. ठाण्याला, वागळे इस्टेटमधल्या आमच्या गाळ्यात मी जेमतेम पर्स ठेवली होती. फोन वाजला. सुनीता होती, बाळारामदादांची सून. बाळारामदादा म्हणजे आमच्या कंपनीतले सगळ्यात जुने फिटर, आता निवृत्त.

"मॅडम, बाबांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर बोलले, स्वरयंत्रच काढायला लागेल. गुरुवारी ऑपरेशन. मग आवाज नाही."

ती पुढे म्हणाली, "तुम्ही दोन महिन्यांपूर्वी त्यांचं रेकॉर्डिंग केलेलं ना? ते सगळंच्या सगळं द्या. पंपाचे आवाज काढलेले, हसलेले, शिव्या दिलेल्या, सगळं. पोरांना राहील. बाबाच बोलले, मॅडमकडे हाय, मॅडम काय हरवत नाय."

मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. कॉम्प्युटर उघडून बघायची गरज नव्हती. माझ्याकडे एकोणीस मिनिटांची एक फाइल होती. बाकीचं मी स्वतः पुसलं होतं. रीतसर, वहीत नोंद करून.

हे कसं झालं ते सांगते.

आमची कंपनी पाण्याचे छोटे पंप बनवते. मी तिथे तरुणपणी स्टेनोग्राफर म्हणून लागले. साहेब बोलणार, मी शॉर्टहँडमध्ये म्हणजे खुणांच्या लिपीत भराभर लिहून घेणार, मग टाइप करणार. साहेब खोकले, अडखळले, मध्येच चहा मागितला, तर ते पत्रात येत नाही. ते गाळणं हेच माझं कौशल्य होतं. दुसरा नियम त्याहून पक्का. फेअर कॉपीवर सही झाली की रफ फाडून टाकायचं. एका पत्राच्या दोन प्रती फिरल्या तर भांडणं होतात. माझ्या टेबलावर रफ कागद कधी दुसऱ्या दिवसापर्यंत राहिला नाही.

निवृत्तीनंतर इंग्रजी पत्रव्यवहारासाठी मला आठवड्यातून तीन दिवस परत बोलावलं. तोवर मोठे साहेब गेले होते आणि त्यांचा मुलगा निखिल मालक झाला होता. त्याला मी हाफ पँटमध्ये पाहिलं आहे, पण कंपनीत मी त्याला सर म्हणते आणि अहो-जाहो करते.

एक दिवस तो म्हणाला, "मॅडम, आपण पॉडकास्ट करूया."

"म्हणजे रेडिओ?"

"रेडिओच, पण मोबाइलवर, ज्याला पाहिजे तेव्हा. आपले डीलर आणि गावोगावचे मेकॅनिक ऐकतील. जुने लोक एकेक करून चाललेत, त्यांचं नॉलेज पण चाललंय."

"आणि हे माझ्याकडे का?"

"बाकी कोणाला दिलं तर पूर्ण होणार नाही म्हणून."

हे खरं होतं. मी एक ऑनलाइन कोर्स केला, वही घातली, शब्द लिहून काढले. गेन म्हणजे माइकचा कान किती उघडायचा ते. टेक म्हणजे एका दमात केलेलं रेकॉर्डिंग. रॉ म्हणजे जसं बोलले तसं, काहीही न कापलेलं. रॉ शब्दापुढे मी वहीत 'रफ' असं लिहिलं होतं. ते पान अजून आहे.

स्टोअररूममध्ये पुठ्ठ्याचे खोके रचून आणि पॅकिंगचा फोम भिंतीला चिकटवून खोली केली. शेजारच्या गाळ्यात पत्र्याची प्रेस चालायची. ती बंद व्हायची फक्त जेवणाच्या सुट्टीत. त्यामुळे आमचं रेकॉर्डिंग एक ते दीड. पंखाही बंद. घामाने कागद हाताला चिकटायचे.

पहिले पाहुणे बाळारामदादा. शहाडच्या पलीकडे, नदीच्या अंगाला त्यांचं गाव. चालू पंपाशेजारी नुसतं उभं राहून ते आत काय बिघडलंय ते सांगायचे. मी त्यांना शुद्ध मराठीत प्रश्न आणि उत्तरं टाइप करून दिली. त्यांनी चष्मा लावला, दोन ओळी वाचल्या आणि कागद माझ्यापुढे सरकवला.

"मॅडम, मना लिवलेला वाचाला नाय जमत. हा कोन बोलतोय? मी हाय का कलेक्टर?"

"मग कसं करू या?"

"पंप आना एक. त्याच्याशी बोलतंय. तुमी ऐका."

स्टोअरमधला एक पंप टेबलावर ठेवला आणि दादा सुटले. दोन दिवसांत, दोन सुट्ट्यांमध्ये, पन्नासेक मिनिटं बोलले. बिघडलेल्या पंपाचे पाच आवाज त्यांनी तोंडाने काढून दाखवले. बेअरिंग गेल्याचा. इम्पेलर म्हणजे आतलं पातं घासल्याचा. मोटरचा शाफ्ट म्हणजे दांडा पंपाला जोडणारं कपलिंग ढिलं झाल्याचा. फुटव्हॉल्व्ह म्हणजे पाइपाच्या तळाची झडप गळून पंप हवा ओढतो त्याचा. आणि पाण्याशिवाय कोरडा चाललेल्या पंपाचा. प्रत्येक आवाज आधी हळू, मग जोरात, आणि शेवटी पंप जळाला की कसा होतो तसा. त्यानंतर ज्याने तो जाळला त्याला शिवी, मग हसणं, मग खोकला. आवाज तेव्हाच जरा बसलेला होता. मी त्यांना कोमट पाणी प्यायला सांगितलं.

मग मी ते सगळं कापत बसले. हेडफोन लावून, पंधरा दिवस. खोकला काढला, शिव्या काढल्या. आणि ते पाच आवाजही काढले, कारण ते मला बोलणं वाटलं नाही. 'बेअरिंग गेल्यावर कर्कश आवाज येतो', हे वाक्य ठेवलं. बोललेल्याचं टिपण असंच करतात, असं मला तेव्हा अगदी मनापासून वाटलं. इतक्या वर्षांची बोटांची सवय होती ती.

निखिलने एकोणीस मिनिटं ऐकली. "एकदम क्लीन, मॅडम!"

ही सही झाली असं मी समजले. त्याच संध्याकाळी रॉ फाइली पुसल्या, कॉम्प्युटरची कचरापेटी रिकामी केली, रेकॉर्डरचं कार्ड फॉरमॅट करून पुढच्या पाहुण्यासाठी तयार ठेवलं. वहीत टिक केली. बरं वाटलं होतं, हेही सांगते.

एपिसोड डीलरांच्या ग्रुपवर गेला. अंगठे आले. आंबिवलीच्या एका मेकॅनिकने लिहिलं, "दादांनी पंप वाजवून नाय दाखवला?" मला तो चावटपणा वाटला. मी उत्तर दिलं नाही.

आणि मग तो सोमवारचा फोन.

मी निखिलच्या केबिनमध्ये गेले आणि उभ्यानेच सांगितलं. तो पेन उघडत-मिटत बसला.

"मॅडम, बॅकअप?"

"नाही."

"तुम्ही? तुमच्याकडे माझ्या मुंजीच्या केटररचं बिल आहे!"

"ते फेअर होतं, सर."

तो हसला नाही. मीही विनोद केला नव्हता. तो म्हणाला, "वीस मिनिटांच्या आत बसवा, असं मीच म्हटलं होतं." हे त्याचं चांगुलपण. पण पुसा, असं त्याने म्हटलं नव्हतं.

मंगळवारी मी ते कार्ड घेऊन डोंबिवलीला गेले. पुसलेल्या फाइली परत काढून देणारा एक दुकानदार आहे, पूर्वेला, जिना चढून वर. त्याने कार्ड मशीनला लावलं आणि मला बसायला स्टूल दिलं.

"आजी, फॉरमॅट केलंत त्याचं काही नाही. पण नंतर यावर परत रेकॉर्ड केलंत ना?"

"चार वेळा."

"हां. मग जुनं खाली चेपलं गेलं. बघतो काय मिळतं ते. आशा ठेवू नका."

तीन तास बसले. त्याने सात मिनिटांचा एक तुकडा काढून दिला, मध्ये मध्ये खरखर असलेला. स्टुलावरच ऐकला. दादा विचारत होते, "मॅडम, चालू झाला का यो?" मग हवा ओढणारा पंप. मग कोरडा पंप, अर्धा. मग माझा आवाज, स्वच्छ आणि ठणठणीत: "दादा, जरा व्यवस्थित बोला ना."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं आणि पाण्याची बाटली पुढे केली.

सुनीताला मी फोनवर काही सांगितलं नव्हतं. बुधवारी रेकॉर्डर आणि ती सात मिनिटं घेऊन त्यांच्या घरी गेले. दादा ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. वाळले होते. मला पाहून गळ्यावर बोट ठेवलं आणि घोगऱ्या कुजबुजीत म्हणाले, "सील गेला, मॅडम. उद्या बॉडी उघडाची."

मी सगळं सांगितलं. सही, रफ, कार्ड, डोंबिवली. सुनीता दारात उभी होती. तिचा चेहरा बदलत गेला.

"पुसलं म्हणजे? पन्नास मिनिटांतली सात? मॅडम, मी पोरांना सांगून बसले! माझ्या फोनमध्ये लोकांच्या गुड मॉर्निंग पडून आहेत, त्या मी पुसत नाही, आणि तुम्ही—"

"सुनीता," दादांनी हात वर केला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "म्हंजे तुमी पाखडला, नं भुसा ठेवला."

"हो," मी म्हटलं.

"मना आधी ईचाराचा. मी सांगला असता, दाना कनचा त्यो."

हे ते रागाने बोलले नाहीत. फिटर नव्या पोराला कुठे चुकलं ते सांगतो तसं बोलले. मला ते रागापेक्षा जड गेलं.

मी रेकॉर्डर चालू केला. जमेल तेवढं करूया म्हटलं. दादांनी बेअरिंगचा आवाज काढून पाहिला. नुसती हवा आली. इम्पेलरच्या वेळी खोकल्याची उबळ आली आणि सुनीता पुढे झाली. "बस झालं बाबा, डॉक्टर ओरडतील." त्यांनी मान हलवली. मग तिला खूण करून तांदळाचा पत्र्याचा डबा मागितला.

डबा मांडीवर घेतला. दोन बोटांनी कडेवर टकटक सुरू केली, मधल्या बोटाची अंगठी लागेल अशी. आधी सारखी. मग एक ठोका उशिरा. मग दोन. मग डबाच थरथरू लागला आणि ठोके एकमेकांवर आदळायला लागले. मी इतकी वर्षं पंपांच्या कंपनीत काढली आणि कपलिंग ढिलं झालं की काय होतं, ते त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं.

"आता बंद करा," ते कुजबुजले, "नाय तर शाफ्ट जाईल."

मी बटण दाबलं. सुनीता हसली आणि तशीच डोळे पुसत आत गेली. चहा ठेवला तिने. माझ्याशी पुन्हा नीट बोलायला तिला बरेच महिने लागले, आणि त्यात तिचं काही चुकलं नाही.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. आवाज गेला.

त्यानंतर मी आणखी अकरा एपिसोड केले. रॉ फाइली तीन ठिकाणी ठेवल्या आणि कापण्याआधी पाहुण्याला शेजारी बसवून विचारलं, यातलं काय जाऊ द्यायचं. काम दुप्पट झालं. कपाट भरलं, डिस्का वाढल्या, माझी टापटीप गेली. जे काम येत नाही ते शिकताना माणूस आधीच्या कामाच्या सवयी बरोबर घेऊन जातो, आणि त्यातली कुठली सवय तिथे नडणार आहे ते कोणत्याच कोर्समध्ये सांगत नाहीत. मला ते उशिरा कळलं, आणि किंमत दुसऱ्याने दिली.

आज कंपनीकडे तो एकोणीस मिनिटांचा एपिसोड आहे. सात मिनिटांचा खरखरीत तुकडा आहे, त्यात एक आवाज पूर्ण आणि एक अर्धा. डब्यावरचं कपलिंग आहे. या सगळ्यांच्या प्रती सुनीताकडेही आहेत. बेअरिंग आणि इम्पेलर कुठेही नाहीत. आंबिवलीचा तो मेकॅनिक अजूनही बिघडलेल्या पंपाचा आवाज मोबाइलवर टेप करून दादांना पाठवतो. दादा तो कानाला लावून ऐकतात आणि एका बोटाने एकच शब्द टाइप करून परत पाठवतात. त्यांचे कान शाबूत आहेत.