डाव्या हाताचं अंगुस्तान

इराणातल्या बोरुजेर्दमध्ये लग्न ठरलं की मुलीची आई आधी करमअलीच्या घरी यायची आणि मग सोनाराकडे जायची. त्या गावची थंडी अशी, की डाळिंबं संपायच्या आत अंगणातल्या हौदावर बर्फाची साय धरते. तिथे नवरीच्या सामानात जाड रजया नसतील तर सासरची माणसं जन्मभर बोलून दाखवतात. करमअली रजया शिवणारा उस्ताद होता. मुलगा यदुल्ला कमानीवर कापूस पिंजायचा, बाप साटिनवर खडूनं नक्षी आखून शिवायचा.

या घरात तूबा सून म्हणून आली तेव्हा सतरा वर्षांची होती. पहिल्याच थंडीत एके दिवशी सासऱ्यानं तिला हाक मारली.

"पोरी, हात दाखव."

तूबाला वाटलं, काही फोडलं की काय आपण. तिनं भीतभीत हात पुढे केले. करमअलीनं तिची बोटं उलटीपालटी करून पाहिली, बाजारात काकड्या पाहतात तशी.

"लांब आहेत. बस इथे."

आणि त्यानं तिच्या मांडीवर अर्धी शिवलेली रजई ओढली.

शिकवण्याची त्याची तऱ्हा म्हणजे एकच नियम आणि वर टोमणे. नियम असा: उजव्या हाताच्या मधल्या बोटात लोखंडी अंगुस्तान घालायचं, त्यानं सुई दाबायची. डावा हात अस्तराखाली, आणि तो उघडाच हवा. सुईचं टोक कापसातून, अस्तरातून खाली आलं की डाव्या मधल्या बोटाला टोचणार. टोचलं की तिथूनच सुई वर वळवायची. तसं केलं तरच टाका तांदळाच्या दाण्याएवढा पडतो आणि कापूस सरकत नाही.

"आगाजान, खालच्या बोटालाही काही घातलं तर?" तूबानं तिसऱ्या दिवशी विचारलं. तोवर तिच्या बोटाची चाळण झाली होती.

"लोखंडाला काय कळतं? सुई कातडीला कळते."

रक्त यायचं. ते अस्तराला लागलं तर नवरीला अपशकुन, म्हणून करमअलीनं पहिल्याच आठवड्यात उपाय सांगून ठेवला होता: पांढरा दोरा तोंडात चघळायचा आणि ओल्या दोऱ्यानं डाग टिपायचा. ज्याचं रक्त असेल त्यानंच चघळायचा, दुसऱ्याच्या थुंकीनं डाग जात नाही, असं तो सांगे. तूबाच्या तोंडात दिवसभर दोऱ्याची चव असायची.

एकदा तिनं यदुल्लाच्या जुन्या बुटाची जीभ कापून बोटाला टोपी शिवली. सासरा मशिदीतून येईपर्यंत दोन हात शिवण झाली. तो आला, त्यानं नुसता टाक्यांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "बोटाला जोडा चढवलास वाटतं? उद्या जिभेला मोजा घालून सूप पिशील."

यदुल्ला हसला. तूबाचे कान लाल झाले. तिनं ती टोपी काढून शेगडीत टाकली. चामडं जळल्याचा वास दोन दिवस घरात राहिला, आणि दोन्ही दिवस यदुल्लाला त्यावरून काहीतरी चेष्टा सुचत राहिली.

मग ती ईर्ष्येला पेटली. तिसऱ्या वर्षी बोटाला घट्टा पडला, पाचव्या वर्षी तिची शिवण सासऱ्याच्या शिवणीपेक्षा बारीक झाली. तिचे मोर लोक ओळखू लागले. बायका तिचा डावा हात हातात घेऊन तो घट्टा दाबून बघायच्या, आणि तूबा बघू द्यायची. सोन्याची अंगठी दाखवावी तसं तिला वाटे. करमअलीचे डोळे अधू होत चालले होते. तो आता नक्षी आखायचा आणि कोरसीपाशी बसून असायचा. कोरसी म्हणजे खाली निखारे ठेवलेलं बुटकं मेज. त्यावर घरातली सगळ्यांत मोठी रजई पसरलेली आणि तिच्यात घरातल्या सगळ्यांचे पाय. तिथून तो टोमणे मारी, पण पाहुण्यांसमोर म्हणे, "हात माझा, बोटं तिची."

तूबाला एकोणतिसावं लागलं त्या वर्षी शौकत खानम नावाच्या बाईनं मुलीसाठी सात रजया सांगितल्या. धान्याचे व्यापारी लोक. लग्न शरद सरायच्या आत. रजयांची वरची बाजू डाळिंबी साटिनची, अस्तर दुधासारखं पांढरं. पाच रजया वेळेत झाल्या. सहावीच्या मोराची मान शिवताना सुई घट्ट्याला चुकवून नखाच्या कडेनं आत गेली. तूबानं बोट चोखलं, दोरा चघळला, डाग टिपला आणि पुढे शिवत राहिली.

तिसऱ्या दिवशी नखुरडं झालं. शेजारची बतूल जवसाचं पोटीस घेऊन आली. बोट कोंबडीच्या काळजासारखं जांभळं झालेलं पाहून ती म्हणाली, "अगं, डॉक्टरकडे जा."

"मोराचं शेपूट राहिलंय."

"मोर पळून जातोय का?"

तूबा गेली नाही. ठणका कोपरापर्यंत चढला तरी तिनं शेपूट पुरं केलं, आणि शेवटची गाठ मारून तिथेच आडवी झाली. ताप एवढा की तिला यदुल्ला ओळखू येईना. त्यानं तिला शेजाऱ्याच्या मिनीबसमध्ये घालून इस्पितळात नेलं. म्हातारा डॉक्टर बोट पाहून यदुल्लावर ओरडला, "इतके दिवस काय करत होतात?" विष हाडापर्यंत गेलं होतं. डाव्या हाताच्या मधल्या बोटाचं वरचं पेर काढावं लागलं.

अकराव्या दिवशी ती घरी आली. हात पांढऱ्या फडक्यात. शौकत खानम भेटायला आली तेव्हा तूबाला वाटलं, ही आता सातव्या रजईचं विचारणार. बाईनं आल्या आल्या रजईचं नावही काढलं नाही. कोंबडीचं सूप केलं होतं ते स्वतः वाढून दिलं आणि जाताना म्हणाली, "सहा पुरे झाल्या गं. माझी पोर काय सात-सात रजया पांघरून निजणार आहे?" तूबा हसली आणि बाई गेल्यावर भिंतीकडे तोंड करून रडली. बाईनं माफ केलं म्हणून नव्हे. बोटच राहिलं नाही तर आपण या घरात कोण, हे तिला कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी करमअलीनं सातवी रजई पुढे ओढली.

"मी शिवतो. शब्द दिलाय."

"आगाजान, तुम्हाला दिसत नाही."

"डोळ्यांनी कोण शिवतं? हाताला कळतं."

तो शिवायला लागला. तूबा कोरसीत पाय घालून पडल्या पडल्या पाहत होती. म्हाताऱ्याचा हात अजूनही घड्याळासारखा चालत होता. पण शिवलेला भाग पलटला तेव्हा पांढऱ्या अस्तरावर तिला लाल ठिपके दिसले. एक, मग दोन बोटांवर दुसरा, पुढे रांगच.

"आगाजान! बोट!"

"काय झालं बोटाला?"

"रक्त येतंय!"

करमअलीनं डावा हात डोळ्यांजवळ नेला. मधलं बोट रक्तानं भरलं होतं. तो बराच वेळ बोटाकडे बघत राहिला, जणू दुसऱ्या कुणाचं होतं ते.

"टोचलेलं कळलं नाही तुम्हाला?" तूबानं विचारलं.

त्यानं बोट सदऱ्याला पुसलं.

"आगाजान, कळलं नाही?"

"नाही."

"कधीपासून?"

म्हाताऱ्यानं सुई अस्तरात खोचून ठेवली. "यदुल्ला रांगत होता तेव्हापासून असेल. आधी हे एक बोट मेलं, मग शेजारचं. चहाचा पेला गरम आहे की गार, तेही मी ओठाला लावूनच बघतो."

"मग सुई कशी वळवत होतात इतकी वर्षं?"

"सवयीनं. सुईचा आवाज येतो थोडा. बाकी अंदाज."

तूबा उठून बसली. "लोखंडाला काय कळतं, असं मला म्हणालात. माझी टोपी मी शेगडीत टाकली. तुमच्या बोटापेक्षा त्या चामड्याला जास्त कळलं असतं, आगाजान."

"माझ्या उस्तादानं मला तेच सांगितलं होतं," करमअली म्हणाला. "त्याचंही बोट मेलेलंच असणार, आता कळतंय. पण कुणाला सांगणार? उस्तादाला टोचलेलं कळत नाही म्हटलं की दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक पुढच्या गल्लीत."

तूबानं अस्तरावरचे ठिपके पुन्हा पाहिले. मग म्हणाली, "डाग वाळतील. चघळा दोरा. माझ्या थुंकीनं ते जायचे नाहीत."

म्हाताऱ्यानं दोरा तोंडात घातला. दात चारच उरलेले, तोंड कोरडं. बराच वेळ तो बोकडासारखा चघळत राहिला आणि एकेक ठिपका टिपत गेला. तूबानं त्याला दिवा धरला, पण मदत केली नाही.

त्यानंतर आठ दिवस ती सासऱ्याशी बोलली नाही. त्याचा चहा कोरसीच्या कडेला ठेवायची आणि निघून जायची. यदुल्ला वैतागला. "तुम्हा दोघांत मी कापसासारखा पिंजला जातोय," तो म्हणाला. "एक तर भांडा, नाही तर बोला."

नवव्या दिवशी फडकं सुटलं. करमअली कणकेचा गोळा घेऊन तिच्यासमोर येऊन बसला.

"यात बोट दाब."

"कशाला?"

"दाब म्हणतो ना."

तिनं आखूड बोट कणकेत दाबलं. म्हाताऱ्यानं तो गोळा ओल्या फडक्यात गुंडाळला, कोटाच्या आत छातीशी धरला आणि बर्फातून एकटाच बाहेर पडला. बोरुजेर्दच्या बाजारात वर्शो या चांदीसारख्या पांढऱ्या धातूचे चहाचे सामोवार नि तबकं घडवणाऱ्यांची गल्ली आहे. तिथे सैफुल्ला नावाचा कारागीर त्याच्या ओळखीचा होता.

"काय करम, न्याहारी घेऊन आलास?" कणीक पाहून सैफुल्ला म्हणाला.

"सुनेचं बोट आणलंय," करमअली म्हणाला. "याला टोपी कर. खालून बंद. आणि टोकाला उतार दे, सुई आली की वर घसरायला हवी."

"डाव्या हाताला अंगुस्तान? तूच म्हणायचास ना..."

"मी काय म्हणायचो ते मला माहीत आहे. तू ठोक."

पहिलं अंगुस्तान वाईट झालं. तूबाला बोटाला घागर बांधल्यासारखं वाटलं, आणि तिसऱ्या टाक्याला ते गळून रजईखाली गेलं. म्हातारा ते घेऊन पुन्हा बाजारात गेला. दुसरं पत्र्यासारखं पातळ होतं आणि आत कोकराच्या मऊ चामड्याचं अस्तर. जखमेला ते कुठेही टोचत नव्हतं. तूबानं सातवी रजई मांडीवर घेतली, डावा हात खाली घातला आणि सुई दाबली.

टिक् असा बारीक आवाज झाला. सुई धातूला लागली, उतारावरून घसरली आणि आपणहून वर वळली. टाका पडला. तिनं तो पाहिला, पुन्हा एक घातला, पुन्हा टिक्.

"काय?" करमअलीनं विचारलं.

"कळतं, आगाजान. आवाजानं कळतं. बोटाला धक्काही लागतो थोडासा."

म्हाताऱ्यानं टाक्यांवरून अंगठा फिरवला. त्या अंगठ्याला काही कळत असेल का, अशी तूबाला शंका आली. पण तो मान हलवत होता, आणि तिनं विचारलं नाही. त्या दिवशी त्याचा चहा तिनं त्याच्या हातात दिला. "गरम आहे," असं सांगून दिला.

लग्न कधीच होऊन गेलं होतं. सातवी रजई वसंतात, नवरोजला, पोचली. शौकत खानमनं ती अंगणात उन्हात पसरली, अस्तराची बाजू वर करून जवळून पाहिली आणि तूबाचा हात धरून म्हणाली, "आधीच्या सहांपेक्षा ही बारीक शिवलीस गं, तूबा." खुशामत नव्हती. तूबानंही टाके मोजले होते. वितीला चार जास्त भरले होते.

शेजारच्या बोटांवरचे घट्टे मात्र हळूहळू गेले. उरलेल्या बोटांची कातडी दोन वर्षांत नरम झाली. एकदा बतूलच्या तान्ह्या नातीच्या गालावरून बोट फिरवताना तूबा थबकली. गालावरची लव बोटाला लागत होती. इतकी वर्षं ती लागत नव्हती, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं.

करमअली आणखी चार वर्षं जगला. सैफुल्लानं त्यालाही एक अंगुस्तान करून दिलं होतं, ते घालून तो कधीमधी कड शिवायचा आणि कुणी पाहिलं तर म्हणायचा, "सुनेची जबरदस्ती आहे." तो गेल्यावर तूबानं बायकांना शिकवायला सुरुवात केली. कुणी विधवा, कुणाचा नवरा तेहरानला मजुरीला गेलेला. आठवड्यातून तीन दिवस तिच्या बैठकीत सहा-सात जणी असायच्या. प्रत्येकीला पहिल्या दिवशी सुई मिळायची नाही. आधी सैफुल्लाकडे जाऊन बोटांचं माप द्यायचं.

त्यांच्यात सनोबर म्हणून चाळिशीतली एक बाई होती, माहेरी उघड्या बोटांनी शिवायला शिकलेली.

"तूबा खानम, या डबड्यात मला सुई कुठे आहे ते समजत नाही."

"समजेल. पंधरा दिवस शिव्या देशील, मग समजेल."

"कुणाला देऊ शिव्या?"

"मला दे. आगाजानना देऊ नकोस, त्यांना माझ्या पुरल्यात."

सगळ्या हसल्या. सनोबर सतराव्या दिवशी म्हणाली, की आज आवाज आला. तूबानं तिच्या टाक्यांवरून बोट फिरवलं, दोन उसवायला सांगितले, बाकीचे राहू दिले आणि चहा ठेवायला उठली.