रूथबाईचा अबोला

रूथबाई गेल्याचा फोन तिच्या सुनेनं केला, तेव्हा मी दिग्रसच्या बसमध्ये होते. फोन ठेवला आणि तोंडून निघून गेलं, “चला, आता दोघांचं समोरासमोर बोलणं होईल!” शेजारची बाई बघतच राहिली... रडू नंतर आलं. दोघं म्हणजे रूथबाई आणि तिचा येशू.

दारव्ह्यात आमची भिंतीला भिंत. ब्लाउज शिवता शिवता ती येशूशी बोलायची, घरातल्या माणसाशी बोलावं तशी. कधी दटावत, कधी हसत. आमच्या घरी देवाला आंघोळ, नैवेद्य, सगळं वेळेवर. पण त्याच्याशी बोलावं, हे कुणाला सुचलं नव्हतं. मला तिचा हेवा वाटायचा.

मग तिचा एकुलता एक मुलगा सामू, तरुण बायकोला मागे ठेवून, काविळीनं गेला, आणि तिचं येशूशी बोलणं थांबलं. चर्चमध्ये जायची, पण ओठ मिटून बसायची. मुलापाठोपाठ हिचा देवही गेला की काय, या धास्तीनं मी विचारलं, “विश्वास उडाला का गं?”

“कायले उडंन व माय? मी त्याच्याशी अबोला धरला. परक्याशी कोनी अबोला धरते काय?”

आता घरातल्या अबोल्याला निरोप्या लागतोच. तिनं मला धरलं. “वहिनी, त्याले सांगा, सुनेचा ताप उतरू दे.” मी आपली देवघरापुढे उभी राहून येशूला तिचे निरोप सांगायची! हसू यायचं, पण निरोप शब्दही न गाळता पोचवायची.

एका दुपारी मी तिच्याकडे बसले होते. तिला सुईत दोरा ओवता येईना. “पाह्य ना गा, डोये गेले माहे!” मी हात पुढे केला आणि थबकले. आमच्याकडे बाईला ‘व’ म्हणतात, पुरुषाला ‘गा’. हे ‘गा’ माझ्यासाठी नव्हतं. तिच्याही ते ध्यानात आलं. मशीनवर डोकं ठेवून ती पोटभर रडली. “काहून नेलं गा माह्या सामूले?” असं त्यालाच विचारत राहिली, थेट. माझी निरोप्याची नोकरी त्या दिवशी सुटली.

ते मशीन सुनेनं आता माझ्याकडे आणून ठेवलंय. मला शिवता येत नाही, पण दुपारी त्याच्याजवळ बसते. येशूची नि माझी अजून तशी ओळख नाही. पण आपल्याकडे कामं ओळखीनंच होतात, मी तिच्या ओळखीनं बोलते.

“रूथबाईले सांग गा,” मी म्हणते, “वहिनी आठवण काढून राह्यली.”